दुखापत आणि खेळाडूची निवड

खेळाडू निवडताना जसे त्याचे कौशल्य पारखावे लागते तसा त्याच्या दुखापतीचा धोकाही अजमावावा लागतो, आणि कबड्डीसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात तर या विचाराला बगल देताच येत नाही. प्रो कबड्डी लीगमध्ये खेळाडू लिलावाने, म्हणजे प्रत्येक संघाला आखून दिलेल्या रकमेत राहून बोली लावून, घेतले जातात. त्यामुळे एकावर मोठी रक्कम लावली की इतरांसाठी हात आखडता घ्यावा लागतो. 2022 साली तमिळ थलायवाज संघाने पवन सेहरावत या चढाईपटूसाठी 2 कोटी 26 लाख रुपये, म्हणजे आपल्या मर्यादेतील निम्म्याहून अधिक रक्कम मोजली, आणि हंगामातील पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावल्याने पवनला पुढे खेळता आले नाही. तरीही तो संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला, कारण नरेंदर हा नवोदित चढाईपटू त्याच्या जागी उभा राहिला. धोका पेलण्याची ताकद राखीव खेळाडूंच्या निवडीत असते, हे यातून पुरेसे स्पष्ट होते.

पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच पवनसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपये दिले. ही बोली आंधळी नव्हती, कारण लिलावापूर्वी दोनच दिवस, 7 ऑक्टोबर 2023 रोजी, त्याच्या नेतृत्वाखाली भारताने हांगझोऊ येथे आशियाई सुवर्णपदक जिंकले होते, म्हणजेच बरा झालेला गुडघा सर्वांसमोर मॅटवर तपासला गेला होता. दुखापत झाली होती का, एवढाच प्रश्न विचारणे म्हणूनच अपुरे ठरते. ती कोणत्या सांध्याची, किती जुनी, आणि त्यानंतर खेळाडू पूर्ण वेगाने किती सामने खेळला, हे पाहावे लागते. गुडघ्यातील एसीएल, म्हणजे मांडीचे आणि नडगीचे हाड जागेवर धरून ठेवणारा अस्थिबंध, तुटून शस्त्रक्रिया झाली तर साधारण नऊ महिन्यांआधी मैदानात उतरणे घातक असते, आणि घाईने परतलेल्याचा गुडघा पुन्हा दुखावण्याची शक्यता वाढते.

बुलढाणा जिल्ह्यात खामगाव, चिखली किंवा मेहकरच्या मातीवर खेळणाऱ्या मुलाच्या वाट्याला कोटींची बोली नसली, तरी निवड चाचणी असतेच, आणि संघातून वगळले जाण्याच्या भीतीने तो सुजलेला गुडघा पट्टीखाली लपवतो, तेव्हा निवड करणाऱ्यांचा अंदाज आणि त्या मुलाचे भविष्य दोन्ही एकदम धोक्यात येतात. दुखणे सांगणाऱ्याची जागा राखून ठेवली, तरच मुले खरे सांगतील. जिल्ह्यातील प्रशिक्षकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी प्रत्येक खेळाडूच्या जुन्या दुखापतींची साधी नोंदवही आजपासून ठेवावी, आणि पालकांनीही डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती मुलांना पूर्ण घेऊ द्यावी.