क्षर अक्षरे

‘अक्षर’ म्हणजे नाश न पावणारे. शिळेवर कोरलेल्या वर्णाला हा शब्द शोभून दिसतो. ताडपत्रावरील किंवा शाईने कागदावर उतरलेल्या वर्णालाही तो बऱ्याच अंशी शोभतो. संगणकाच्या पडद्यावर उमटलेल्या, परंतु अद्याप जतन न केलेल्या वर्णाला मात्र तो लावताना संकोच वाटावा, अशी स्थिती आहे.

कल्पना करा, एखादा भाषांतरकार रात्रीची जेवणे आटोपल्यावर कामाला बसला आहे. दोन तास खपून त्याने मूळ ग्रंथातील तीन अवघड पाने मराठीत आणली आहेत. एका वाक्यापाशी गाडी अडते. मनासारखा शब्द सुचत नाही, म्हणून तो उठतो आणि चहाचे आधण ठेवतो. पेला हाती घेऊन परत येतो, तो पडद्यावर एक वर्तुळ फिरत असते आणि खाली सूचना असते : सुधारणा चालू आहे, संगणक बंद करू नये. काही वेळाने यंत्र न्हाऊनमाखून आल्यासारखे ताजेतवाने होते व त्याचे स्वागत करते. तीन पाने तेवढी कोठेच नसतात. घरात चोरी झाली तर चोराला बोल लावता येतो. येथे बोल लावावा तरी कोणाला? यंत्राने आपले नेमून दिलेले कामच चोख बजावलेले असते.

असे का होते, हे समजण्यासाठी यंत्राच्या स्मृतीकडे पाहिले पाहिजे. टंकलेले शब्द प्रथम जातात ते तात्पुरत्या स्मृतीत. या स्मृतीचा एकेक कण म्हणजे विजेचा इवलासा साठा असतो, आणि तो सतत झिरपत असतो. म्हणून प्रत्येक कण साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. एका सेकंदात पंधरा-सोळा वेळा आठवण करून दिली नाही, तर यंत्र सारे विसरते! रॉबर्ट डेनार्ड या अमेरिकन अभियंत्याला या रचनेचे पेटंट १९६८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीच्या संगणकांत चुंबकीय कड्यांची स्मृती असे. ती अवजड होती, महाग होती, परंतु वीज गेली तरी तिच्यातील मजकूर टिकून राही. स्मृती स्वस्त झाली, विपुल झाली, आणि त्याबरोबरच विसराळूही झाली. जतन करणे म्हणजे त्या झिरपत्या साठ्यातील मजकूर वीज नसतानाही टिकणाऱ्या जागी नेऊन ठेवणे.

सुधारणा बसवायची, तर पुष्कळदा संगणक बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. जी प्रणाली चालू आहे, तिचेच भाग चालू असताना बदलणे म्हणजे धावत्या गाडीचे चाक बदलण्यासारखे आहे. बंद करताना एरवी प्रत्येक कार्यक्रमाला विचारले जाते, आणि ‘अमुक मजकूर जतन व्हायचा आहे’ अशी हरकत तो घेऊ शकतो. सक्तीने बंद करताना ही हरकत ऐकून घेतली जात नाही.

मग सक्ती हवीच कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने २०१७ चा वसंत आठवावा. विंडोज प्रणालीतील एका दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी प्रसिद्ध केली होती. असंख्य संगणकांवर ती बसवलीच गेली नाही. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर कार्यक्रम त्याच दोषातून आत शिरला आणि जगभर पसरला. इंग्लंडमधील रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या नियोजित भेटी रद्द झाल्या. काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. एकाचा आळस शेजाऱ्याच्या घरापर्यंत कसा पोचतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही. तेव्हा सुधारणा हवी, वेळेवर हवी, हे निर्विवाद. वाद आहे तो घटिकेचा. ती घटिका कोणी ठरवायची?

२०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने हा अधिकार घरगुती वापर करणाऱ्याकडून बराचसा काढून घेतला. तक्रारी झाल्या. २०१६ मध्ये ‘कामाचे तास’ नोंदवण्याची सोय आली. त्या तासांत यंत्र आपणहून बंद होणार नाही, असे आश्वासन होते. पण लिहिणाऱ्याचे तास कचेरीच्या घड्याळाप्रमाणे थोडेच चालतात! पुढे जुलै २०१८ मध्ये कंपनीने एक मौजेची गोष्ट जाहीर केली. माणूस खरोखरच काम संपवून गेला आहे, की पेलाभर कॉफी आणायला उठला आहे, याचा अंदाज बांधायला आता यंत्राला शिकवले आहे, असे तिने सांगितले. योजना चतुर खरी. पण रिकाम्या खुर्चीकडे पाहून माणसाच्या मनातले ओळखणे घरच्या माणसांनाही साधत नाही. कळांचा आवाज थांबला, की काम थांबले, असे यंत्र मानते. लिहिणाऱ्याचे काम पुष्कळदा तेव्हाच सुरू झालेले असते. अखेर २०१९ मध्ये घरगुती ग्राहकालाही सुधारणा काही दिवस लांबणीवर टाकण्याची मुभा मिळाली. अंदाज बांधण्यापेक्षा विचारणे सोपे होते, एवढे कळायला चार वर्षे लागली.

हरवलेले पुन्हा लिहिता येते का, हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. टॉमस कार्लाइलने फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासाचा पहिला खंड लिहून आपला मित्र जॉन स्टुअर्ट मिल याच्याकडे वाचावयास दिला होता. मिलच्या ताब्यात असताना ते हस्तलिखित जळून गेले. रद्दी समजून ते विस्तवात गेले, असे सांगतात. ६ मार्च १८३५ च्या रात्री मिल पांढराफटक चेहरा घेऊन कार्लाइलच्या दारी आला. तो बराच वेळ बसला, आणि तो निघून गेल्यावर, आपले नुकसान केवढे मोठे आहे हे त्या बिचाऱ्याला कळू देता कामा नये, असे कार्लाइल आपल्या पत्नीला म्हणाला. मिलने २०० पौंड देऊ केले. कार्लाइलने १०० घेतले. खंड नव्याने लिहिला गेला आणि १८३७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. पहिला मसुदा अधिक चांगला होता की दुसरा, याचा निवाडा कोणी करायचा?

मिल निदान दारात येऊन उभा तरी राहिला होता. भाषांतरकाराच्या पुढ्यात उजळलेला पडदा आहे आणि हातात निवलेला चहा. तो पहिल्या पानापासून आठवू लागतो. नवल असे, की जी वाक्ये नीट जमली होती, ती मनाने लिहिताक्षणीच सोडून दिली होती. त्यांतले एकही धड आठवत नाही. जसेच्या तसे आठवते ते एकच, जे अडले होते ते. तो तेथूनच सुरुवात करतो.