रक्तातील प्रथिनांची बेरीज



प्रतापनगरात डॉक्टरांची वाण नाही. असे असता रक्तावर बोलायला आम्हां कामगार संघटनेच्या माणसाला का उभे केले, हा प्रश्न रास्त आहे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण गेटसभांत झाले आणि अलीकडे सभासदांचे रिपोर्ट वाचण्यात.

हिंगणा एमआयडीसीतील आमचे एक सभासद एचआयव्हीबाधित आहेत. त्यांच्या परवानगीनेच सांगतो. नाव मात्र सांगणार नाही, आणि २०१७ चा कायदाही ते सांगू देत नाही. गृहस्थ वाळत चालले होते, खोकला जात नव्हता. रिपोर्टात एकूण प्रथिने ८.४ ग्रॅम. "भाऊ, प्रोटीन तं भरपूर आहे," ते म्हणाले. आम्हीही मान डोलावली.

आयुष्यभर कंपन्यांचे ताळेबंद तपासणाऱ्या आम्ही नुसती बेरीज पाहिली! खालच्या दोन रकमा वाचल्याच नाहीत. अल्ब्युमिन २.६, ग्लोब्युलिन ५.८.

अल्ब्युमिन यकृतात तयार होते. ते रक्तातले पाणी शिरांत धरून ठेवते, औषधे वाहून नेते. शंभर मिलीलिटर रक्तद्रवात ते साधारण ३.५ ते ५ ग्रॅम असावे. ग्लोब्युलिनमध्ये रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये येतात. एचआयव्हीत ही प्रतिद्रव्ये बेसुमार निघतात, पण त्यांतली पुष्कळशी कुचकामी. हजेरीपटावर माणसे भरपूर आणि यंत्रावर कोणी नाही, असा प्रकार. म्हणून बेरीज फुगते आणि अल्ब्युमिनची तूट झाकली जाते.

ही तूट किती गंभीर? अमेरिकेत दोन हजारांवर एचआयव्हीबाधित स्त्रियांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे अल्ब्युमिन ३.५ च्या खाली होते, त्यांच्यात तीन वर्षांतील मृत्यू कितीतरी अधिक निघाले. सीडी-४ पेशींचा हिशेब वेगळा काढला तरी फरक उरलाच. पण अल्ब्युमिन घटले म्हणूनच माणूस दगावतो, असे नव्हे. शरीरात दाह पेटला की यकृत अल्ब्युमिनचे काम मागे टाकते. दाहामागे विषाणू असतो, पुष्कळदा क्षयही. शिवाय उपासमार, जुलाब, मूत्रपिंडातून होणारी गळती. तूट म्हणजे धोक्याचा भोंगा. आग दुसरीकडे शोधावी लागते.

आमच्या सभासदांना कोणीतरी प्रोटीन पावडरचा डबा घ्यायला लावला होता. अर्ध्या आठवड्याची मजुरी त्यात गेली. डाळ, अंडी जरूर खावीत. पण पावडरीने क्षय हटत नाही.

त्यांना मेडिकलमध्ये नेले. क्षयच निघाला. आधी क्षयाची औषधे, काही आठवड्यांनी एआरटीच्या गोळ्या. दोन्ही सरकारी केंद्रात फुकट. २००४ पूर्वी या गोळ्या गरिबाला स्वप्नातही दिसत नव्हत्या, हे आम्ही विसरलेलो नाही.

आठ महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. अल्ब्युमिन ३.८, ग्लोब्युलिन ३.८. वजन चढले होते, ते पाळीवर जाऊ लागले होते. वहिनी मात्र रिपोर्ट घेऊन धावत युनियनच्या कचेरीत आल्या. बेरीज ८.४ वरून ७.६ वर आली होती.

"भाऊ," त्या घाबरून म्हणाल्या, "यांचं प्रोटीन तं कमी झालं नं?"

आम्ही त्यांना बसवले, चहा मागवला आणि खालच्या दोन रकमांवर बोट ठेवले.