रग्बी विश्वचषकाचा स्मरणग्रंथ निवडताना

मोठी स्पर्धा आटोपली की तिचे स्मरणग्रंथ बाजारात यायला वेळ लागत नाही. जाडजूड बांधणी, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर करंडक घेतलेला कर्णधार. आज आपण १९९५च्या रग्बी विश्वचषकाबद्दल बोलू, कारण रग्बी न पाहणारेही या स्पर्धेचं पुस्तक शोधत असतात.

दुकानात पुस्तक हातात आलं की नजर जाते ती दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे अध्यक्ष नेल्सन मंडेला यांच्या छायाचित्राकडे. २४ जून १९९५, जोहान्सबर्गचं एलिस पार्क, सहा क्रमांकाची हिरवी जर्सी घातलेले मंडेला आणि त्यांच्या हातून करंडक घेणारा दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार फ्रान्स्वा पिनार. छायाचित्र अप्रतिम आहे, पण या स्पर्धेच्या बहुतेक पुस्तकांत ते असणारच. निवडीला त्याचा काहीच उपयोग नाही.

त्यापेक्षा अंतिम सामन्याचं प्रकरण उघडा. दक्षिण आफ्रिका १५, न्यूझीलंड १२. जादा वेळ खेळवूनही दोन्हीकडून एकही ट्राय, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण, झाला नाही. एका बाजूचे सगळे गुण जोएल स्ट्रान्स्कीच्या पायातून आले, दुसऱ्या बाजूचे अँड्र्यू मर्टन्सच्या. न्यूझीलंडच्या जोना लोमूने उपांत्य सामन्यात, केपटाऊनला, इंग्लंडवर चार ट्राय केले होते. त्याला अंतिम सामन्यात कोणी, कसं रोखलं, हे लेखकाने सांगितलं असेल तर त्याला खेळ कळतो असं समजा. नुसतं ‘थरारक’, ‘ऐतिहासिक’ एवढ्यावर भागवलं असेल तर पुस्तक खाली ठेवा.

मग दर्बानचा उपांत्य सामना काढा. पावसाने मैदानाचं तळं झालं होतं आणि बायका झाडू घेऊन पाणी लोटत होत्या. सामना उशिरा सुरू झाला. फ्रान्स दक्षिण आफ्रिकेकडून १९-१५ असा हरला, तोही शेवटच्या मिनिटांत त्यांचा खेळाडू बेनाझी गोलरेषेपासून हातभर अंतरावर अडवला गेल्यावर. झाडूवाल्या त्या बायका छायाचित्रात आहेत का, ते पाहा. मी तरी पाहतोच.

बहुतेक स्मरणग्रंथ लग्नाच्या अल्बमसारखे असतात, त्यात रडकं तोंड सापडत नाही. अधिकृत म्हणून छापलेल्या पुस्तकांबाबत तर जास्तच सावध राहावं. म्हणून सूचीत रस्टेनबर्ग शोधा. तिथे टोंगाविरुद्ध खेळताना आयव्हरी कोस्टच्या मॅक्स ब्रिटोला इतकी भयंकर दुखापत झाली की तो कायमचा पंगू झाला. न्यूझीलंडने याच स्पर्धेत जपानला १४५-१७ असं चिरडलं, तेही शोधा. आणि चेस्टर विल्यम्स, दक्षिण आफ्रिकेच्या संघातला एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू. दुखापतीमुळे तो आधी संघाबाहेर होता. कॅनडाविरुद्धच्या सामन्यात हाणामारी झाली, पीटर हेंड्रिक्सवर बंदी आली, म्हणून त्याला बोलावलं. आणि पश्चिम सामोआवर त्याने चार ट्राय केले. दक्षिण आफ्रिकेची ‘एक संघ, एक देश’ ही घोषणा पानोपानी असेल आणि हा तपशील नसेल, तर ते पुस्तक जाहिरात आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. जॉन कार्लिन यांचं ‘प्लेइंग द एनिमी’ २००८ साली आलं. पुढच्या वर्षी त्यावर ‘इन्व्हिक्टस’ चित्रपट निघाला आणि तेच पुस्तक चित्रपटाच्या नावानेही विकलं गेलं. दोन्ही घेऊ नका. पुस्तक उत्तम आहे, पण ते मंडेलांच्या राजकारणाचं आहे. सोळा संघ आणि बत्तीस सामने असलेल्या स्पर्धेची नोंद हवी असेल तर त्याने भागणार नाही.

आकडेवारीच्या पानांवर १९८७ किंवा १९९१च्या स्पर्धांशी तुलना दिसली तर थोडं थांबा. तेव्हा ट्रायचे गुण चार होते, पाच झाले ते १९९२पासून. ही तळटीप ज्याने दिली, त्याने मेहनत घेतली आहे.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर बत्तीसही सामन्यांचे संघ, गुण आणि बदली खेळाडू ज्यात आहेत ते घ्या. मग छायाचित्रं थोडी कमी असली तरी चालतील. मुंबईत फाउंटनच्या पदपथावर जुनं पुस्तक मिळालं तर शेवटची पानं शाबूत आहेत ना, ते तिथेच उघडून पाहा. ऑनलाइन मागवत असाल तर विक्रेत्याकडून अनुक्रमणिकेचा आणि सूचीचा फोटो आधी मागवा. तो पाठवायला टाळाटाळ करत असेल, तर दुसरा विक्रेता गाठा.