मुख्यालय वाचवायचे म्हणजे काय वाचवायचे?

(उत्सवातील व्याख्यानाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर, लष्करातला जाणकार नव्हे. तरीही युद्धाच्या बातम्या पाहताना एक प्रश्न मनात घर करून राहिला. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

22 सप्टेंबर 2023 रोजी सेवास्तोपोल येथील रशियाच्या काळ्या समुद्रातील आरमाराच्या मुख्यालयावर युक्रेनची क्षेपणास्त्रे आदळली. इमारत मोठी आणि पत्ता साऱ्या जगाला ठाऊक. आज उपग्रह आणि ड्रोन वरून पाहत असतात. अँटेनांची गर्दी, जनरेटर, गाड्यांची वर्दळ, एवढेच कशाला, शिपायाच्या खिशातला मोबाइलसुद्धा सेनापतीचा ठावठिकाणा सांगून जातो. नुसत्या भिंती जाड करून आता भागत नाही. मग मुख्यालय टिकवायचे कसे?

उत्तरासाठी आपण 1689 सालात जाऊ. मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि रायगडाला मोगलांचा वेढा पडला. सारे राजकुटुंब एकाच गडावर! तेव्हा येसूबाईंनी राजाराम महाराजांना बाहेर पडण्याचा सल्ला दिला आणि स्वतः बाळ शाहूसह गडावर राहिल्या. राजाराम महाराज वेषांतर करून कर्नाटकातून दूर जिंजीला गेले. शिवरायांनी 1677 मध्ये जिंकलेला तो किल्ला अशा वेळी कामी आला.

बखरींत सांगतात की, वाटेत आपल्या याच बंगळुरात घात होता होता राहिला. सेवक एका यात्रेकरूचे पाय धूत आहेत, हे पाहून लोकांना संशय आला. खंडो बल्लाळ आणि काही सोबती मागे थांबले, त्यांनी छळ सोसला, पण तोंड उघडले नाही. मंडळी, वेष बदलला होता, मान द्यायची सवय बदलली नव्हती! आजचा अँटेना म्हणजे तेच पाय धुणे.

इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकुमतपनाह' करून पूर्ण अधिकार दिलेले होते. मैदानात संताजी आणि धनाजी होते. प्रत्येक निर्णयासाठी जिंजीच्या पत्राची वाट पाहावी लागत नव्हती. म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला, पण राज्य पडले नाही. 1698 मध्ये जिंजीही पडली; महाराज त्याआधीच निसटले होते.

याची किंमत मात्र विसरू नये. येसूबाई आणि शाहू कैदेत गेले. येसूबाई सुटल्या त्या 1719 मध्ये. राजा दूर असताना संताजी-धनाजींत वितुष्ट आले आणि संताजींसारखा सेनानी गमावला. अधिकार वाटून द्यावेत, पण हेतू एक राहील हेही पाहावे लागते.

आमच्या रेल्वेत कंट्रोल ऑफिस हे असेच मुख्यालय. पण सर्व संपर्क तुटला तर गाडी कशी चालवायची, हे नियमपुस्तकात आधीच लिहिलेले असते. नोकरीच्या सुरुवातीला एका पावसाळी रात्री फोन बंद पडले, तेव्हा मी हातावर हात ठेवून साहेबांच्या हुकुमाची वाट पाहत बसलो. एका वयस्क स्टेशनमास्तरांनी शांतपणे पुस्तक उघडले, कागदी परवाना लिहिला आणि गाडी सोडली. म्हणाले, "अरे, साहेब इथे नसताना काय करायचं, ते साहेबांनीच तर लिहून ठेवलंय."

त्या रात्री मला कळले की मुख्यालय म्हणजे इमारत नव्हे, निर्णय घेण्याची सोय. ती एकाच छताखाली, एकाच डोक्यात ठेवली की शत्रूचे काम सोपे होते.

जाता जाता एक विनंती. आपल्या मंडळाचे मांडवाचे कागद, जनरेटरवाल्याचा नंबर आणि कपाटाची किल्ली, सारे एकाच माणसाकडे आहे. यंदा ते तिघांना माहीत असू द्या!

गणपती बाप्पा मोरया!