घर विकण्यापूर्वीची सिद्धता

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



आजच्यासारख्या आनंदाच्या दिवशी घर विकण्याच्या गोष्टी काढणे काही वडीलधाऱ्या मंडळींना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. तथापि कार्यकारी मंडळाने हा विषय बुद्ध्या निवडला आहे. आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, मग ते दारव्हा असो, दिग्रस असो, पुसद असो वा वणी असो, जुन्या वस्तीतून एक फेरी मारली की कुलूप लागलेली घरे दृष्टीस पडतात. मुले शिकली, नागपूर-पुण्यास नोकरीला लागली, काही सातासमुद्रापलीकडे गेली. आईवडील थकले, मुलांकडे गेले किंवा देवाघरी गेले. आणि घर मागे राहिले. ज्या कुटुंबांना गावी परतायचे आहे त्यांनी आपले घर अवश्य राखावे. परंतु ज्यांचा परतण्याचा विचार नाही आणि विकण्याचा निर्णयही होत नाही, त्यांचे घर दर पावसाळ्यात थोडे थोडे खचत असते. कुलूप ही राखण नव्हे. दहा वर्षे बंद राहिलेले घर अखेर विकले जाते, ते मोकळ्या जागेच्या भावाने.

घर लवकर का विकले जात नाही, असे विचारले की लोक म्हणतात, गिऱ्हाईकच नाही. निवृत्तीनंतर अनेक ओळखीच्या कुटुंबांबरोबर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात साक्षीदार म्हणून जाण्याचा योग मला आला, आणि माझा अनुभव निराळा आहे. गिऱ्हाईक येते, घर पाहते, पसंतही करते. परंतु त्याच्या मनात एखादी शंका उत्पन्न होते आणि ते परत फिरकत नाही. म्हणून घराची सिद्धता म्हणजे केवळ रंगरंगोटी नव्हे. खरेदीदाराने शंका विचारण्यापूर्वीच तिचे उत्तर तयार ठेवणे, हीच खरी सिद्धता होय.

पहिली शंका असते ती मालकीची. पुष्कळ घरांत आजोबांनंतर कागदाला कोणी हातच लावलेला नसतो. कर मुलगा भरतो, परंतु पावती आजोबांच्या नावाची. विजेचे देयकही त्यांच्याच नावाचे. नगरपालिकेच्या हद्दीत घर असेल तर मिळकत पत्रिका, खेडेगावी असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ, हे उतारे प्रथम काढावेत आणि त्यांवर मृत व्यक्तीचे नाव असल्यास वारसांची नोंद करून घ्यावी. मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी की कराची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. मूळ खरेदीखत, वाटणीपत्र किंवा मृत्युपत्र हेच खरे आधार. गावठाणातील घरांना पूर्वी मिळकत पत्रिका बहुधा नसे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनद्वारा मोजणी करून अशा पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. आपल्या गावी ते झाले असल्यास पत्रिकेवरील नाव व क्षेत्रफळ बरोबर आहे की नाही, हे आवर्जून पाहावे. नवीन वस्तीतील घर असेल तर भूखंड अकृषक झाल्याचा आदेश आणि मंजूर नकाशा खरेदीदार मागणारच.

आपला भाग वऱ्हाडचा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, त्यानंतर मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. त्यापूर्वीच्या मध्यप्रांत व वऱ्हाडच्या काळातील कागदही पेटाऱ्यातून निघतात. त्यांतील मापे फुटांत असतात, चतुःसीमा शेजाऱ्यांच्या नावांनी दिलेल्या असतात, आणि ते शेजारी केव्हाच काळाच्या पडद्याआड गेलेले असतात. आजची पत्रिका चौरस मीटरमध्ये असते. १५० चौरस मीटर म्हणजे सुमारे १,६१५ चौरस फूट, हे गणित आपणच करून ठेवावे. जुना आणि नवा आकडा जुळत नसेल तर भूमि अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून मोजणी करून घ्यावी. रंगावर घातलेल्या पैशापेक्षा मोजणीवर घातलेला पैसा पुष्कळदा अधिक फळ देतो. तसेच विदर्भातील शहरांतून अनेक घरे नझूलच्या जागेवर आहेत. अशा जागेचा पट्टा कोणाच्या नावे आहे, त्याची मुदत व अटी काय आहेत, हस्तांतरास परवानगी लागते काय, याचा उलगडा गिऱ्हाईक येण्यापूर्वी व्हावा; इसार घेतल्यानंतर नव्हे.

दुसरी शंका अधिक नाजूक आहे, आणि आजच्या विषयाचे मर्म मी तिलाच मानतो. ती म्हणजे, या व्यवहारास सर्वांची संमती आहे काय? एका तालुक्याच्या गावी दोन भाऊ व तीन बहिणी यांच्या सामाईक घरास तीन वर्षांत तीन गिऱ्हाइके आली. पहिल्यास थोरल्याने एक किंमत सांगितली व धाकट्याने दुसरी. दुसऱ्यास समजले की बहिणींना कोणी विचारलेलेच नाही. तिसऱ्याच्या वकिलाने सर्व वारसांच्या सह्या मागितल्या, तेव्हा घरात भांडण झाले. घर तसेच राहिले आणि राखीपौर्णिमेचे येणेजाणे मात्र बंद झाले. बंधुभगिनींनो, अशी घरे आपल्याला अपरिचित नाहीत.

बहिणींच्या हक्काविषयी आता संदिग्धता उरलेली नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला. आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्री यांना मात्र ती दुरुस्ती लागू होत नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर तेथे मुलगी १९५६ च्या मूळ कायद्यापासूनच वारस आहे. तेव्हा “बहिणीचे लग्न झाले, तिचा काय संबंध” हे वाक्य आता घरातही उच्चारू नये. तिला हिस्सा सोडायचा असेल तर तो तिने आपल्या मनाने, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडावा. सणाला आलेल्या बहिणीपुढे कोरा कागद ठेवून नव्हे.

याकरिता माझी सूचना अशी की, घर दाखविण्यापूर्वी सर्व वारसांनी एकदा एकत्र बसावे. किमान किंमत किती, पैसे कसे वाटावयाचे, देवघरातील मूर्ती व वडिलांची पुस्तके कोणाकडे जायची, हे सर्व लिहून त्यावर सह्या कराव्यात. गिऱ्हाइकाशी बोलण्यासाठी एकाच व्यक्तीची नेमणूक करावी. परदेशी असलेल्या वारसाचे मुखत्यारपत्र आधीच मागवावे. ते तेथील भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणावे, आणि राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावरील मुद्रांक शुल्क भरावे. ऐन वेळी या एका कागदासाठी खरेदीची तारीख पुढे जाते आणि गिऱ्हाईक हातचे जाते.

तिसरी शंका घराच्या प्रकृतीची. येथे प्रथम एक प्रश्न स्वतःस विचारावा: घेणारा या घरात राहणार आहे, की ते पाडून नवे बांधणार आहे? बाजारपेठेतील मातीच्या भिंतींचे जुने घर असेल तर घेणारा बहुधा जागेसाठीच येतो. तेथे रंगावर खर्च करणे व्यर्थ आहे. अंगण साफ करावे, हद्दी स्पष्ट दाखवाव्यात, आणि सागवानी खांब, तुळया, दारे यांची किंमत वेगळी काढावी. आपल्या जिल्ह्यातील जुना साग अजूनही मोल राखून आहे; तो व्यवहारात धरला आहे किंवा नाही, हे इसारपावतीत स्पष्ट लिहावे.

राहण्यासाठी घेणारा असेल तर मात्र दुरुस्ती हवी. कवेलू फेरून घ्यावेत, गच्ची असेल तर तिची गळती बंद करावी, वाळवी लागलेली चौकट बदलावी, विजेच्या लोंबत्या तारा काढाव्यात. आपल्याकडील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे भिंतींना भेगा पडतात. अशा भेगेवर नुसता रंग चढविला तर पुढच्या वैशाखात ती पुन्हा तोंड उघडते. जाणते गवंडी भेगेवर आडवा प्लास्टरचा ठिपका लावून त्यावर तारीख लिहितात. ठिपका वर्षभर न तडकता राहिला तर भेग जुनी व स्थिर आहे, तडकला तर पाया अजून हलतो आहे. असा तारीख घातलेला ठिपका गिऱ्हाइकाला दाखवावा. त्याच्या मनात त्याने जो विश्वास बसेल, तो नव्या रंगाने बसणार नाही.

दोष लपवू नये, हा केवळ नीतीचा उपदेश नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा विक्रेत्यावर असे बंधन घालतो की, घरातील किंवा हक्कातील जो महत्त्वाचा दोष त्यास ठाऊक आहे आणि जो खरेदीदारास साधारण सावधगिरीने दिसणार नाही, तो त्याने सांगितलाच पाहिजे. दोष सांगितल्याने किंमत थोडी उतरते हे खरे. परंतु तो मागाहून उघडकीस आला तर व्यवहार मोडतो, आणि गावात बोलबाला होतो तो वेगळाच.

चौथी शंका पाण्याची. २०१८ साली यवतमाळ शहराने जी पाणीटंचाई सोसली ती कोणी विसरलेले नाही. निळोणा व चापडोह या धरणांची पातळी विचारूनच लोक त्या वर्षी दिवस मोजत होते. त्यामुळे आपल्याकडील गिऱ्हाईक खोल्या मोजण्यापूर्वी विहिरीत डोकावते. विहीर असेल तर गाळ उपसावा, कठडा बांधावा, वर जाळी टाकावी. कूपनलिका असेल तर मोटार चालू स्थितीत ठेवावी. नळजोडणीची थकबाकी फेडावी. उन्हाळ्यात पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरते, ते जसे आहे तसे सांगावे.

घर दाखविण्याचाही काळ असतो. आपला जिल्हा कापसाचा. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत कापूस विकला जातो, तेव्हा लोकांच्या हाती पैसा खेळतो. पितृपक्षात बहुतेक जण व्यवहाराचे बोलणे काढीत नाहीत. आणि पाडवा वा अक्षय्य तृतीयेस खरेदी करण्याची अनेकांची इच्छा असते. तेव्हा पावसाळा सरताच दुरुस्ती करावी, दिवाळीच्या साफसफाईबरोबर घर रिकामे करावे, आणि त्यानंतर दाखवावयास सुरुवात करावी. घर सकाळी, दारे-खिडक्या उघडून दाखवावे. बंद घरात वटवाघळांचा व ओलीचा वास कोंडलेला असतो, तो आठ दिवस आधीपासून वारा खेळवून घालवावा. मोडक्या खाटा, फुटके डबे, जुन्या गाद्या काढून टाकाव्यात. रिकामी खोली मोठी दिसते. पूर्वजांच्या तसबिरी सन्मानाने काढून आपल्या घरी न्याव्यात, कारण भिंतीवरून दुसऱ्याचे आजोबा पाहत असताना नव्या माणसाला ते घर आपले वाटत नाही. अंगण झाडून सडा घातला, उंबऱ्याशी रांगोळी काढली आणि तुळशीला पाणी घातले, तर त्यास खर्च नाही. पण घर जिवंत दिसते.

किंमत ठरविताना चावडीवरील गप्पांवर विसंबू नये. शासनाचे वार्षिक मूल्यदर तक्ते हे मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतात; प्रत्यक्ष भाव त्याहून कमी वा अधिक असू शकतो. आपल्याच गल्लीत गेल्या वर्ष-दोन वर्षांत नोंदलेली खरेदीखते पाहिल्यास खरा अंदाज येतो. अवाच्या सवा किंमत सांगून घर दोन वर्षे रखडले की लोक म्हणू लागतात, त्या घरात काहीतरी आहे. इसाराची रक्कम बँकेमार्फतच घ्यावी. १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई झाली. दलालाची दलाली आधी लिहून ठरवावी, आणि करांच्या परिणामाविषयी सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

शेवटी एक गोष्ट याच व्यासपीठावरून सांगणे मला कर्तव्य वाटते. “घर आपल्याच माणसाला द्यायचे” असा आग्रह काही कुटुंबांत असतो. भावना मी समजू शकतो. परंतु त्या आग्रहापायी दहा गिऱ्हाइकांतील नऊ दारातूनच परत जातात, आणि उरलेला एक आपल्या अडचणीचा लाभ घेऊन किंमत पाडतो. ज्याचे पैसे प्रामाणिक आहेत आणि ज्याच्या मुलाबाळांनी ते अंगण पुन्हा भरणार आहे, तो त्या घराला योग्यच माणूस होय. त्याची जात विचारण्याचे कारण नाही. मंडळाने करावयाचे काम निराळे आहे. गावोगावच्या आपल्या जाणत्या वकिलांनी, निवृत्त तलाठ्यांनी व गवंडीकाम जाणणाऱ्यांनी महिन्यातून एक दिवस कार्यालयात बसून, दूर राहणाऱ्या कुटुंबांना त्यांच्या घराच्या कागदांविषयी सल्ला द्यावा. एवढे झाले तरी पुष्कळ घरे पडण्यापूर्वी आणि पुष्कळ भावंडे दुरावण्यापूर्वी वाचतील.

वडिलांनी घर बांधले ते आपण एकत्र राहावे म्हणून. ते विकण्याची वेळ आली तरी त्या विक्रीने आपण विभक्त होऊ नये, एवढी दक्षता घेणे हे त्यांचे खरे स्मरण होय.