परसातली सावली वाया घालवू नका
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पेरणीत पैसा गुंतलेला, कापूस घरात यायला अवकाश. श्रावण-भादव्यात बाजारातून भाजी आणायची तर उसनवारी. तेव्हा घरामागचा परस बघा. 'लिंबाची सावली पडते, तिथं काय येणार?' असं म्हणू नका.

ऊन कुठं किती तास पडतं ते आधी मोजा. ६ तास पडतं तिथं वांगी, मिरची, भेंडी. ३-४ तासांच्या जागी पालक, मेथी, कोथिंबीर. दर १५ दिवसांनी एक वाफा टाका, म्हणजे खंड पडत नाही. विरळ सावलीत हळद-आलं, न्हाणीच्या पाण्यावर अळू. दोडक्या-कारल्याचा वेल उन्हाकडे, छपरावर चढवा. झाडाच्या बुंध्याजवळ वाफा नको, मुळं ओल ओढून घेतात.

आणखी एक. कपाशीचं उरलेलं औषध परसात आणू नका. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर फवारायला २००५ मध्येच बंदी झाली. ही भाजी आपलीच लेकरं खाणार आहेत. मावा पडला तर ५ टक्के निंबोळी अर्क मारा.

परसानं कापसाला भाव मिळणार नाही. ती लढाई लढावीच लागेल. तोवर बाजारात जाणारा भाजीचा पैसा तरी घरात राहू द्या.