हाकेला धावून येणारा सँडी



बालरंगभूमीविषयी बोलताना आज मी एका श्वानाची कथा सांगणार आहे. 'अ‍ॅनी' ही संगीतिका २१ एप्रिल १९७७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आली आणि जानेवारी १९८३ पर्यंत तिचे २३७७ प्रयोग झाले. त्यापूर्वी, १९७६ साली कनेक्टिकटमध्ये तिची सिद्धता चालू असताना कुत्रा शोधण्याचे काम विल्यम बर्लोनी या उमेदवारी करणाऱ्या तरुणावर आले. त्याने बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक उपेक्षित जीव आणला. तोच हा सँडी!

नाटकात पोलीस अनाथ अ‍ॅनीला विचारतो, कुत्रा तुझाच कशावरून? ती हाक मारते. त्या क्षणी कुत्रा आला नाही, तर सारे नाट्यच कोसळेल. वाद्यवृंद, प्रखर प्रकाश, समोर गर्दी. अशा वेळी मुका प्राणी छडीच्या धाकाने नव्हे, जिव्हाळ्यानेच धावून येतो.

पालकहो, स्नेहसंमेलनाच्या तालमीत आपण मुलांवर किती ओरडतो! मुलेही विश्वासानेच फुलतात. पाठांतर चुकले तरी चालेल. आपल्या हाकेला मूल आनंदाने यावे, एवढे जपू या.